गवताचा भाव आणि सभेची गणपूर्ती



हळवं भात घरात आलं. गरवं अजून दोन खाचरांत उभं आहे, आणि नेमका मळणी यंत्राचा शाफ्ट गेला. शहापुरात दोघांनी बघून मान हलवली. मग गोणपाटात गुंडाळला, आसनगावहून लोकल पकडली आणि ठाण्याला वागळे इस्टेटला नेला. उताऱ्याचे आकडे पुढच्या वेळी देतो. आज दुसरंच लिहायचं आहे, जरा लांबेल.

वागळे इस्टेटमध्ये आता काचेच्या बिल्डिंगी जास्त आणि लेथ कमी. तरी आतल्या गल्ल्यांत जुने मिस्त्री आहेत, तुटलेला तुकडा हातात घेऊन माप सांगणारे. एमआयडीसी हा शब्द आमच्या भागात जमिनीच्या नोटिशीसोबत येतो. त्या महामंडळाच्या स्थापनेचा कार्यक्रम याच वागळे इस्टेटला झाला होता, १ ऑगस्ट १९६२ ला. कायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. त्यातलं कलम ३२ आमच्याकडे न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही पाठ आहे. आणि आमच्या भातसा नदीचं पाणी ठाण्याच्या नळाला येतं, आमच्या तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते. मिस्त्रींनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा हे डोक्यात आलंच. बोललो नाही. त्यांचा त्यात काय दोष?

शाफ्ट लेथवर चढवता चढवता मिस्त्री म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याकडची माणसं इथनं गेली होती की, लाल टोप्या घालून. आम्ही गल्लीतली पोरं तीन हात नाक्याला पाणी घेऊन उभी होतो."

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च. ६ तारखेला नाशिकहून निघाला, कसारा घाट उतरून आमच्या शहापुरातून गेला. १० ला भिवंडीजवळ सोनाळ्याला मुक्काम आणि ११ ला, रविवारी, ठाण्यातून मुंबईकडे. साधारण १८० किलोमीटरची चाल. बहुतेक आदिवासी, वनजमीन कसणारे, त्यात म्हाताऱ्या बाया पुष्कळ. पायांचे फोटो तुम्ही पाहिलेत, त्यावर लिहीत नाही. मला त्यातली रात्र मोठी वाटते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी रस्ता अडला तर पोरांचं नुकसान, म्हणून सोमय्या मैदानावर जेमतेम पाठ टेकलेली ही माणसं मध्यरात्रीनंतर उठून परत चालायला लागली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसली. ज्यांच्या पोरांची शाळा पाचवी-सातवीला सुटते त्यांनी शहराच्या पोरांचा पेपर सांभाळला.

मिस्त्रींचा प्रश्न मात्र वेगळा होता. "सरकार आपणच निवडून दिलेलं. मग त्याच्याशी भांडायला चालत कशाला यायचं? मत दिलं, विषय संपला. पाच वर्षांनी पाडा."

प्रश्न वाकडा नव्हता, मनापासून होता. मी तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी बोललो. खरं उत्तर लोकलमध्ये परत येताना जुळत गेलं, आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे, गवताचं आहे. कल्याण गेलं, टिटवाळा आलं. टिटवाळ्याला आपण गणपतीला जातो. याच टिटवाळ्याला ७ जानेवारी १९४५ ला किसान सभेची परिषद भरली होती. तिथे उंबरगाव तालुक्यातून पंधराएक वारली आले होते, माह्या धांगडा त्यांच्यात पुढे. तेव्हा ठाणे जिल्हा थेट वर उंबरगावपर्यंत होता. डहाणू, तलासरी सगळं ठाण्यातच. त्या लोकांनी परिषदेत सांगितलं की आम्हाला वेठीला धरतात. फुकट राबवतात. लग्नाला कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं जन्मभर सावकाराचे, त्याला लग्नगडी म्हणत. ऐकणारे शेतकरीच होते, तरी त्यांनाही ते नवं होतं.

शामराव आणि गोदावरी परुळेकर मग तिकडे गेले. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले. ठरलं काय, तर वेठ करायची नाही, आणि मालकाच्या शेतावर दिवसाला बारा आण्यांच्या खाली काम करायचं नाही. एवढंच. स्वराज्य, लोकशाही असले शब्द तिथे कितीजणांना माहीत असतील कोण जाणे. (गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मिळालं तर वाचा. साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक आहे, पण वाचताना आपल्या शेजारच्या वाडीचीच कहाणी वाटते.)

आता शेतीचा मुद्दा, कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. संप ऑक्टोबरात झाला, गवतकापणीचा. त्या पट्ट्यातलं वरकस जमिनीवरचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, जमीनदाराचं रोख उत्पन्न ते. आपण गवत कापणारी माणसं आहोत, आपल्याला ठाऊक आहे. फुलोऱ्यावर असताना कापलं तर चारा. बी गळून पडल्यावर कापलं तर काड्या, गुरं तोंड लावत नाहीत. आणि तसंच उभं ठेवलं तर उन्हाळ्यात वणवा. म्हणजे विळा खाली ठेवायला वर्षातले तीन-चार आठवडेच असे असतात की मालकाला झोप येणार नाही. वारल्यांनी मागितलं ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. तोडफोड नाही, काही नाही. विळा खाली.

सरकार कुठे होतं? ब्रिटिशांचं होतं, कागदावर. पण वारल्याला सरकार भेटायचं ते जमीनदाराच्या ओट्यावर आणि जंगलखात्याच्या शिपायात. त्या सरकारचा पाया म्हणजे वारल्याचाच हात, रोज सकाळी फुकट कामाला जाणारा. तो थांबला तेव्हा खरं सरकार धावून आलं. १० ऑक्टोबर १९४५. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप फिरवून लोकांना तलवाड्याला जमवलं गेलं. इकडे पोलिसांना सांगितलं गेलं की दंगल होणार. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. गोळ्या लागल्या तरी लोक हलेनात, बाई यायच्या आहेत म्हणून. पुढे परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढलं, सभांवर बंदी आली. तरी गवत कापलं गेलं ते पुष्कळ ठिकाणी नव्या दरानेच.

मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर याच्या पुढच्या वर्षात आहे. १९४६ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात आपलं मंत्रिमंडळ आलं. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. निवडून आलेली, तुरुंग भोगलेली माणसं. त्याच वर्षी जंगलतोडीच्या कामावर वारल्यांचा दुसरा संप झाला, दिवसाला सव्वा रुपया मागत. लाकूड व्यापाऱ्यांना शेवटी तो मान्य करावा लागला. पण गोदावरीबाईंना पुन्हा हद्दपारी झालीच, आणि जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला परत गोळी चालली. परत पाच माणसं. स्वातंत्र्याला सात महिने उरलेले. तेव्हा मताचा हक्क मालमत्ता आणि शिक्षण बघून मिळायचा, म्हणजे ज्यांच्यावर गोळी चालली त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्या सरकारला मतही दिलेलं नव्हतं, विरोधातही दिलेलं नव्हतं. आज मत सगळ्यांना आहे. पण निवडून आलेलं सरकार अन्याय करूच शकत नाही हे आपल्या जिल्ह्याच्या मातीत तरी खोटं ठरलेलं आहे. मग मत दिल्यावर विषय संपतो कसा?

अमेरिकेत थोरो नावाचा एक माणूस होऊन गेला. गुलामगिरी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोवर चाल करून जाणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात बसला आणि नंतर त्यावर निबंध लिहिला. गांधीजींनी तो वाचला होता. सरकार अन्याय करत असेल तर त्याला आपला हात लावू नये, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे हा गृहस्थ त्याच सुमारास अडीच एकरांत घेवडा लावत होता आणि त्याने हिशेब छापून ठेवलाय, निव्वळ नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. आपल्यातलाच निघाला. पण एक फरक मी विसरू शकत नाही. थोरोचा कर दुसऱ्या कोणीतरी भरला आणि तो सकाळी सुटला. जेठ्या गांगडाच्या जागी कोण उभा राहणार होता?

म्हणून 'अन्यायी सरकारला विरोध करणं हे नैतिक कर्तव्य' असं कोणी भाषणात म्हणालं की मी आधी बघतो, म्हणणाऱ्याच्या घरात किती महिन्यांचं धान्य आहे. अलिबागकडे चरीचा संप झाला, १९३३ ते १९३९. नारायण नागू पाटलांच्या मागे २५ गावच्या कुळांनी खोताची जमीन कसायची नाही असं ठरवलं. सहा वर्षं. भातशेती करणाऱ्याला सहा वर्षं म्हणजे काय ते सांगायला नको. बियाणं राहत नाही. बैल विकावे लागतात. खारेपाटात तर एक वर्ष बांधबंदिस्ती चुकली आणि भरतीचं पाणी आत आलं, की पुढे पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत ती जमीन तुमची नाही. त्या लोकांनी रानातला लाकूडफाटा विकला, खाडीतली मासळी धरली, आणि तग धरला. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये तिथे येऊन गेले. १९३७ मध्ये त्यांनी खोती बंद करायचं विधेयक मांडलं. १९३९ ला कूळकायदा आला, कुळाला संरक्षण देणारा. पुढे १९४८ चा आला, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक झाला.

आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव त्याच कायद्याने चढलं. आजोबा कुठल्या संपात नव्हते. ज्यांनी बैल विकले त्यांच्यामुळे आम्ही आज बांधावर उभं राहून सातबारा दाखवतो. आमच्या कुणबी घरांत ही गोष्ट सांगतच नाहीत, जमीन जणू वतनच होती असं बोलतात.

परवा कापणीला वाडीवरच्या बाया आल्या. त्यातली वयाने मोठी होती ती म्हणाली, "दादा, यंदा चारशेत नाय जमाचा. पाचशे." मी बांधावर बसून हिशेब केला, तो तुम्हालाही देतो. आमच्याकडे एकरी कापणी-बांधणीला दहा माणसं लागतात. शंभर वाढले म्हणजे एकरी हजार. पंधरा क्विंटल उतारा धरला आणि हमीभाव २३६९, तर ३५,५३५ रुपये. त्यातले हजार म्हणजे शेकड्याला तीनही नाहीत. पाचशे दिले. शेजारचे दोघं माझ्यावर चिडलेत, भाव चढवलास म्हणून. त्यांचंही पूर्ण खोटं नाही. हमीभावाला भात प्रत्यक्ष किती जातं आणि व्यापाऱ्याला किती, हे आपल्याला माहीत आहे, आणि मजुरी काही हमीभावाची वाट बघत थांबत नाही. पण आपल्या भावासाठी आपण सरकारवर रागवायचं आणि तिच्या भावासाठी तिने कोणावर? तिचं सरकार त्या वेळी बांधावर बसून आकडेमोड करत होतं.

लाँग मार्चकडे परत येतो. २०१८ ला सरकारने लेखी दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. मग मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून परत मोर्चा का निघाला? तो आमच्या तालुक्यात वाशिंदला थांबला. अवकाळी पाऊस होता, मैदानात चिखल. तिथे एका शेतकऱ्याचा जीव गेला. मी तेव्हा दोन पोती तांदूळ पोचवायला गेलो होतो. एका म्हाताऱ्याला विचारलं, बाबा तुम्ही मागच्या खेपेलाही होतात का? म्हणाला, "होतो ना. कागद मिळाला. जमीन चार एकर कसतो, कागदात दहा गुंठे." मंत्रालयात दिलेलं लेखी आश्वासन आणि पाड्यावरची मोजणी यांच्या मधे एक लांब रस्ता आहे, आणि त्या रस्त्याची सुरुवात मुंबईत होत नाही. ती ग्रामसभेत होते. तिथे आपण काय करतो, हे मला आता विचारायचं आहे.

आपला शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात. १९९६ चा पेसा कायदा इथे लागू. जमीन संपादनाच्या आधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. (संमती असं कायद्यात नाही, विचारविनिमय आहे. त्या एका शब्दावर किती गावं हरली असतील.) २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभाच करते. मिळाला तर डोंगरावरचं गवत, मोह, बांबू कोणी, कधी, किती काढायचा हे गाव ठरवतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून जास्त जंगलाचा असा हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात असूनही बांबू विकायला खातं परवाना देईना. गाव हटलं नाही, आणि २०११ मध्ये वाहतुकीचे पास गावाच्या हातात आले. ते गाव बहुमताने ठराव करत नाही, सगळे एकमत होईपर्यंत बसतात. आपल्याला ते झेपणार नाही, मी तसं सांगतही नाही.

आपल्याला झेपायची गोष्ट गणपूर्ती आहे. आमच्याकडे साधी ग्रामसभा तहकूब होते आणि नंतर दहा-बारा टाळक्यांत उरकते, वहीवर सह्या घरोघर फिरून. वनहक्काच्या ठरावाला हे चालत नाही. तिथे ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. २ ऑक्टोबरला आमचा सामूहिक दावा विषयपत्रिकेवर होता. गणपूर्ती झाली नाही. वाडीवरची माणसं आली होती, कमी पडलो ते आम्ही गावातले. आमच्यातल्या काहींना वाटतं हा दावा ठाकरांचा आहे, आपली गुरं डोंगरावर बंद होतील. तसं नाही, मंडळी. सामूहिक हक्क सगळ्या ग्रामसभेचा असतो, त्यात आपणही आलो. चराईचा हक्क त्यातच आहे. ज्याला शंका आहे त्याने माझ्याकडे यावं, कायद्याची मराठी प्रत आहे, सोबत बसून वाचू.

दुसरी अडचण वेळेची. सभा सकाळी अकराला. त्या बाया म्हणाल्या, "सभेला बसलो तर रोज बुडतो, तुम्ही देणार का?" बरोबर आहे. ज्याच्याकडे मजुरीला जायचं तोच म्हणतो सभेला या. म्हणून ग्रामसेवकाला अर्ज दिलाय की सभा संध्याकाळी पाचला घ्या. आणि आम्ही सात शेतकऱ्यांनी ठरवलंय, सभेच्या दिवशी कोणी कापणीला, झोडणीला, गवताला मजूर लावायचा नाही, भात उभं राहिलं तरी चालेल. दोघं नाही म्हणाले. त्यांचं गरवं पडायला आलंय, मी जबरदस्ती करणार नाही.

गाव आणि दोन वाड्या मिळून सभासद ४१२. निम्मे म्हणजे २०६. तेवढे जमले तर त्यात बाया किमान ६९. मागच्या वेळी हजेरी १३१ होती, बाया ५८. म्हणजे ७५ माणसं कमी पडली.

शाफ्ट बसवला, चालू आहे. तारीख हातात आली की इथे टाकतो. वाडीच्या वरच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, तिथे आदल्या दिवशी चालत जाऊन सांगायचंय. दोघं-तिघं सोबत आलात तर बरं होईल.